कॅसेटींवरून उतरवलेली नाटकं आणि घरचे कागद: बॅकअप कुठे ठेवू?

वाळवंटीकाठ

नमस्कार. गोव्यातल्या साखळीहून लिहितेय. आमचे बाबा पेटीवाले होते. डिचोली-सत्तरीच्या देवळांत जत्रेला मराठी नाटकं व्हायची, त्यांत साथीला बसायचे आणि पायाशी टेपरेकॉर्डर चालू ठेवायचे. त्या कॅसेटी मी ऑडॅसिटी या आवाज उतरवायच्या प्रोग्रॅममधून कॉम्प्युटरवर घेतल्या. उतरवताना काही फिती तुटल्या, म्हणजे त्या नाटकांचं आता कॉम्प्युटरवर आहे तेवढंच. शिवाय घरचे फोटो, भाटाचे (बागायतीचे) एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे उतारे, पोर्तुगीज काळातल्या खरेदीखताचे स्कॅन, शाळेची कामं. सगळं मिळून ४०० जीबीच्या आसपास, आणि सगळं एकाच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर.

घर नदीच्या अंगाला आहे. पावसात वाळवंटी फुगली की आम्ही आधी देवाचं आणि मग कॉम्प्युटर माडीवर चढवतो. भाचा म्हणतो, ऑनलाइन २ टीबीचा पेन ड्राइव्ह हजाराच्या आत मिळतो, तो घे. दुसरे म्हणतात क्लाउड. मला कामापुरतंच कळतं, तेव्हा काय घ्यायचं आणि कसं वापरायचं ते सरळ सांगा.

पणजीवाला

गूगल ड्राइव्ह. विषय संपला. कशाला डब्बे सांभाळत बसायचं?

म्हापशाचा मिस्त्री

ताई, तो पेन ड्राइव्ह आधी मनातून काढा. हजारात २ टीबी कुणी देत नाही. आत ३२ नाहीतर ६४ जीबीची चिप असते आणि ती चालवणारा कंट्रोलर कॉम्प्युटरला खुशाल खोटं सांगतो. चिप भरली की पुढचा माल जुन्याच्या डोक्यावर लिहिला जातो, नाहीतर कुठेच जात नाही. गंमत म्हणजे फाइलींची नावं सगळी दिसतात, आकारही बरोबर दिसतो. उघडायला जाल तेव्हा कळतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो ड्राइव्ह पूर्ण भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. माझ्या दुकानात कुठलाही नवा पेन ड्राइव्ह त्याच्याखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही.

तुम्ही १ टीबीच्या दोन साध्या पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. दोन कंपन्यांच्या. एकाच लॉटमधल्या दोन घेतल्या तर दोघींची खोडही एकच निघायची. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, कॉम्प्युटरच्या आत उत्तम, पण कपाटात पडून राहायला नको: तिच्यात माहिती म्हणजे विजेचा भार, आणि वीज न मिळता उकाड्यात वर्षानुवर्षं पडली की तो भार गळत जातो.

आता मुख्य गोष्ट. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला लावून ठेवायची नाही. कॉपी झाली, ‘सेफली रिमूव्ह’ केलं, काढली, आत ठेवली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा जगाला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, कळला, पण गावोगावची छोटी ऑफिसं अजून त्याच जातीच्या व्हायरसात सापडतात. माझ्याकडे एक हिशेबनीस आले होते. बॅकअप रोज घ्यायचे, मन लावून घ्यायचे, फक्त डिस्क कायम लावलेली. व्हायरसने कॉम्प्युटरवरचं कुलूपबंद केलं आणि लगेच शेजारच्या डिस्कवरचंही. विजेचंही तेच. मे अखेरीला पहिला गडगडाट झाला की माझ्याकडे जळलेले पॉवर सप्लाय यायला लागतात, आणि त्यांच्याबरोबर यूएसबीला लटकलेलं जे असेल ते.

दुसरी डिस्क घराबाहेर गेलीच पाहिजे, आणि घराबाहेर म्हणजे शेजारणीकडे नव्हे. तुमच्या पायरीला पाणी लागेल तेव्हा तिच्याही लागेल. डिचोलीत किंवा वाळपईत कोणी असेल तरी मी दुसरा तालुका बघेन. २०२१ च्या जुलैतला पूर सत्तरी-डिचोलीत एकदमच आला होता. दुसऱ्या नदीकाठचं माणूस नाही का कोणी?

पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. रंग पालटला की पुड्या बदलायच्या. हार्ड डिस्क सहसा पूर्ण हवाबंद नसते. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक छिद्र असतं, त्याला गाळणी असते; धूळ अडते, आपली जुलैची हवा पूर्ण अडत नाही.

पणजीवाले बाब, तुमचं चूक नाही. पण फुकटात मिळतात १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटो. ते भरलं की मेल यायचा बंद.

बंगळुरातला फोंडेकर

मिस्त्रीकाकांना दुजोरा, दोन गोष्टी जोडतो.

ताई, क्लाउडचं फोल्डर कॉम्प्युटरला जोडलं की ते ‘सिंक’ होतं, बॅकअप नव्हे. तुम्ही इथे चुकून फोल्डर उडवलं की ते तिथूनही उडतं. गूगलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. आणि ज्या खात्याकडे दोन वर्षं कोणी फिरकलं नाही, ते गूगल पुसू शकतं. २०२३ च्या डिसेंबरपासून तो नियम लागू आहे. म्हणजे ‘नाटकांसाठी वेगळं खातं’ काढून विसरून जाणं धोक्याचं. शिवाय ४०० जीबी वर चढवायला २० एमबीपीएसच्या अपलोडला चाळीसेक तास लागतात, तेही लाइट न जाता.

दुसरं, डिस्क घराबाहेर ठेवणार तर ती व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने पूर्ण एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी करा. जमिनीचे कागद आहेत, आधार-पॅनचे स्कॅनही असतील. हरवली तर कुणाच्याही हाती पडेल.

म्हापशाचा मिस्त्री

इथे माझं जमत नाही, बाबा. पूर्ण डिस्क कुलुपात घालायची नाही. तुझ्यासारख्याने घालावी. माझ्या दुकानात चोरीला गेलेल्या डिस्कची तक्रार क्वचित येते. पासवर्ड विसरलेल्यांची रांग असते, आणि व्हेराक्रिप्टचा पासवर्ड गेला की मीही हात जोडतो, कंपनीही. जत्रेतलं नाटक कोण चोरणार? चोरलं तर निदान ऐकेल तरी.

कागदांचं तेवढं वेगळं फोल्डर करा, ते एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. एक-चौदाची चिंताही करू नका, तो सरकारकडून परत मिळतो, आता ऑनलाइनही. खरेदीखताच्या स्कॅनची करा. आणि बाबांच्या आवाजांची सगळ्यात जास्त.

वाळवंटीकाठ

आभारी आहे, दादा. दुसऱ्या नदीचं माणूस आहे: धाकटी बहीण फोंडा तालुक्यात म्हार्दोळला दिलीय. चतुर्थीला ती इकडे येते, जत्रेला मी तिकडे जाते, म्हणजे डिस्कांची अदलाबदल आपोआप होईल. तिच्या मिस्टरांना मात्र सांगावं लागेल, नाहीतर ते त्यावर क्रिकेटचे व्हिडिओ भरतील.

दोन शंका राहिल्या. नाटकं ऑडॅसिटीच्या प्रोजेक्ट फाइलींतच आहेत, प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूची एक. त्या जोडून अख्खं नाटक सलग करावं का? आणि डीव्हीडीवर घालून ठेवल्या तर? घरात कोरा गठ्ठा पडून आहे.

म्हापशाचा मिस्त्री

डीव्हीडी नको. एकीवर ४.७ जीबी, म्हणजे तुम्हाला ऐंशीच्या वर लागतील, आणि आपल्याकडे त्यांच्यावर बुरशी धरते. नव्या लॅपटॉपला ती वाजवायची खाचच नसते. गठ्ठा तुळशीवरचे पक्षी हाकलायला लावा.

प्रोजेक्ट फाइल ही ऑडॅसिटीची स्वतःची पोथी. ती राहू द्या, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. प्रत्येक बाजू फ्लॅक या प्रकारच्या आवाजाच्या फाइलीत एक्स्पोर्ट करा. फ्लॅकने आवाजातलं काही जात नाही, एमपीथ्रीसारखं नव्हे, आणि जागा वेव, म्हणजे न दाबलेल्या मूळ आवाजाच्या फाइलीपेक्षा बरीच कमी लागते. त्याहून मोठा फायदा: मूळ आवाजाची खूणगाठ फ्लॅकच्या फाइलीतच साठवलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल जशीच्या तशी आहे की किडली, ते तपासता येतं.

जोडायच्या भानगडीत पडू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओ वेव फाइल तासाला १ जीबी होते, आणि साध्या वेवची हद्द ४ जीबीला संपते. तुमची नाटकं पहाट बघणारी. सलग वेव करायला गेलात तर शेवटच्या अंकाच्या आधीच फाइल कोसळेल. बाजूवार ठेवा आणि नावात साल, गाव, नाटक, कॅसेट नंबर, बाजू घाला. सालाचा अंदाज असेल तर ‘अंदाजे’ असंच लिहा. उद्या दुसऱ्या कोणाला शोधायचं झालं तर बाबांच्या कॅसेटीवरची पेनची अक्षरं त्याला दिसणार नाहीत, म्हणून कव्हरांचेही फोटो काढून त्याच फोल्डरात टाका.

कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक नावाचा प्रोग्रॅम. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असे पर्याय आहेत. तुम्ही ‘अपडेट’ घ्या. मिरर म्हणजे कॉम्प्युटरवर जे नाही ते डिस्कवरूनही पुसतो, आणि नेमकं कॉम्प्युटरवरून काही उडालं असेल त्याच दिवशी तो चालवला तर संपलं. वर्षातून एकदा त्यातलीच ‘फाइल कंटेंट’वाली तुलना लावा. रात्रभर चालेल, चालू दे.

आणि म्हार्दोळला जाल तेव्हा बहिणीच्या लॅपटॉपला डिस्क लावून एखादं नाटक वाजवून बघा. फाइलीचा शेवट वाजवा, सुरुवात नको. अर्धवट कॉपी झालेली फाइल नांदीला झकास वाजते.

बंगळुरातला फोंडेकर

काका, एन्क्रिप्शनवर माझं मत तेच आहे, पण कागदांपुरतं तरी मान्य केलंत, ठीक. ताई, एखादं नाटक शंभरेक एमबीची एमपीथ्री करून त्या फुकट १५ जीबीतही टाका. बॅकअप म्हणून नव्हे, म्हार्दोळच्या लोकांना फोनवर ऐकायला.

वाळवंटीकाठ

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतेय. दादा, डिस्क तुमच्याकडे मिळते का?

म्हापशाचा मिस्त्री

मिळते. पण एकच घ्या माझ्याकडून, दुसरी दुसऱ्या दुकानातून. आणि दुपारी एक ते चार बंद असतं, त्याच्या आधी या.