जपाला बसलो की मन आंब्याच्या कलमांत जातं, काय करावं?

कलमवाला (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. रोज पहाटे आंघोळ करून देवासमोर बसतो, एक माळ जप करायचा असतो, १०८ मणी म्हणजे फार नाही, पण वीस मणी होईस्तोवर मन कलमांत पोचलेलं असतं. मोहोराचे दिवस, रात्री ढग आले की मोहोरावरची कीड, तुडतुडा, वाढणार, औषध कुठलं मारू, गडी येतील ना, आणि माळ संपून बोटाला मेरुमणी लागतो तेव्हा कळतं की नाव एकदाही मनापासून घेतलं नाही. फार वाईट वाटतं हो. जपाआधी डोकं रिकामं कसं करता तुम्ही?

दापोलीची काकू
अरे तू आंघोळ करून थेट माळच हातात घेतोस का? मध्ये हातांना काहीतरी काम दे. आमच्या सासूबाई गंधाची डबी घरात असूनसुद्धा सहाणेवर चंदनाचं खोड उगाळायच्या, आता मीही तेच करते. थेंबभर पाणी टाकायचं नि गोल गोल फिरवत राहायचं, आधी नुसतं गढूळ पाणी दिसतं, मग हळूहळू लोण्यासारखं दाट गंध येतं आणि वास सुटतो, घाई केलीस तर पातळच राहतं. तेवढ्यात मन आपोआप खाली बसतं. आणि संकल्प मोठ्याने म्हण बघ. त्यात मास, तिथी, वार, नक्षत्र सगळं येतं, आज कुठला दिवस नि आपण कुठे बसलोय हे आपल्याच तोंडाने म्हटलं की उद्याच्या फवारणीकडे धावणारं मन जरा थांबतं.

खाडीपलीकडचा (दाभोळ)
दादा, मी नमाज पढणारा, पण त्रास तोच म्हणून लिहितोय. आम्ही नमाजाआधी वजू करतो, हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. मी पूर्वी धावतपळत उरकायचो, आता नळ बारीक सोडून सावकाश करतो, खूप फरक पडला. दुसरं म्हणजे जेवण समोर वाढलेलं असेल तर आधी जेवून घ्या मग नमाज, असं हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच, आहे, म्हणजे मन अडकेल ते आधी उरका. गड्याला फोन करायचा राहिलाय? करून टाका, मग बसा.

वाचक_मालवण
दोघांचंही पटलं. फक्त मन पळालं म्हणून स्वतःवर चिडू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनच म्हणतो की मन आवरणं वाऱ्याला धरण्याइतकं कठीण, आणि भगवंत ते नाकारत नाहीत, अभ्यास नि वैराग्य सांगतात. त्याच्या आधी २६व्या श्लोकात आहे, मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून परत आणा. कितीदा आणायचं त्याला मोजदाद नाही.

कलमवाला (रत्नागिरी)
सगळ्यांचे आभार. रात्रीच गड्याला फोन करून टाकला आणि आज सकाळी गंध उगाळलं. साठाव्या मण्याला ढग आठवले, परत आलो. काकू, आमच्या सहाणेला मधोमध खळगा पडलाय, आजी उगाळायची तीच सहाण, त्यात पाणी साचून राहतं. चालेल ना तीच?