म्हणे मादी झाडं नाजूक!

गच्चीवाला_मुलुंड: काल कुणीतरी पोस्ट टाकली, "उन्हाळ्याचा ताण मादी झाडांना सोसत नाही, निसर्गाने नरच कणखर घडवलाय." डोकंच फिरलं. अहो, ती कमजोर नसते, तिच्यावर बोजा असतो! नराचं काम पराग उधळला की संपलं, तिला पुढे महिनोन्‌महिने फळं पोसायची, त्यात पाणी तुटलं तर आधी कोण वाळणार?

आगाऊ_बोरिवली: वाळते ना शेवटी? मग तो चुकला कुठे? अमेरिकेत युटामधल्या बॉक्सएल्डर नावाच्या झाडांवर १९९३ साली अभ्यास झालाय, कोरड्या उतारावर नर जास्त, ओढ्याकाठी माद्या जास्त. नर पाणी जपून वापरतो. काटकसर म्हणतात त्याला.

गच्चीवाला_मुलुंड: आणि ओढ्याकाठी मादीच जोमात वाढते, ते सोयीस्कर गाळलंत.

लालबागची_वैनी: तुमचं युटा राहू द्या, माझी पपई ऐका. नर्सरीवाल्याने "ताई, मादीच आहे, गॅरंटी" म्हणून रोप गळ्यात मारलं. निळ्या ड्रममध्ये वाढवलं, टँकरच्या दिवसांत तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, आणि निघाला नर! हातभर दांड्यांना फुलांचे घोसच्या घोस, फळ एक नाही, रोज सकाळी गच्चीभर सडा. आता सेक्रेटरी म्हणतात कचरा होतो, तोडा.

आगाऊ_बोरिवली: फुलं येईस्तोवर नुसतं बघून पपईचा नर-मादी कळत नाही. गॅरंटीवर विश्वास ठेवलात, फसलात.

लालबागची_वैनी: आधी गॅलरीतली तुळस जगवा, मग मला शिकवा.

वसईकर: वैनी, तोडू नका, आसपास कुणाकडे मादी असेल तर तिला पराग लागेल. आमच्याकडे ताडाचं तेच, ताडगोळे मादीला, नराला नुसते लोंबते दांडे, पण ताडी दोघांची निघते. अर्थात काढणार कोण? ताडावर चढणारा माणूस मिळत नाही आता, पोरांना सगळ्यांना एसीतली नोकरी पाहिजे. आणि मुंबईत तुम्ही ताडगोळ्याला किती मोजता हो?

लालबागची_वैनी: मोजतो बाबा, वर सोलून देणाऱ्याची मिजास.

आगाऊ_बोरिवली: धागा ताडीवर गेला, छान.

गच्चीवाला_मुलुंड: मग परत आणतो. न्यू जर्सीत पट्टेदार मेपलची झाडं वर्षावर्षाला लिंग बदलतात, आणि मेलेली बरीचशी झाडं शेवटच्या फुलोऱ्यात मादी होती. जबर इजा झाली की नरसुद्धा मादी होऊन बी धरायला बघतो. आता बोला, कणखर कोण?

आगाऊ_बोरिवली: बरं बाबा, "कणखर" शब्द चुकला. पण दुष्काळात पॉप्लरच्या माद्यांचे हाल नरापेक्षा जास्त होतात, ते मी सोडणार नाही.

गच्चीवाला_मुलुंड: सोडा म्हटलंय कुणी? कारण नीट सांगा एवढंच.

वसईकर: वैनी, थोडा धीर धरा. थंडी पडली की नर पपईलाही क्वचित लांब दांड्याला फळ धरतं.

लालबागची_वैनी: थंडी? लालबागला? कुणाला न्यायचा तर रविवारपर्यंत न्या, ड्रम परत द्यायचा.