मदत हवी आहे: चुलींच्या अनुदानाचा पैसा नेमका कुठे लावावा?

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यातला छोटा गट वेल्ह्याकडच्या काही गावांत बचत गटांबरोबर काम करतो. एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) सरपणावरच्या सुधारित चुलींसाठी, म्हणजे शेगड्यांसाठी, पैसे देऊ केलेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: शेगड्या फुकट वाटा, फोटो काढा, मार्चच्या आत अहवाल द्या. मला हे पटत नाही, पण बैठकीत ठोस पर्याय मांडावा लागेल.

गॅस बहुतेक घरांत आहे. उज्ज्वला २०१६ ची, आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्या जोडण्यांना सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान. तरी गॅसवर होतो चहा, फार तर पाहुण्यांचे पोहे. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण सरपण रानातून येतं, त्याला पैसे पडत नाहीत. म्हणजे आमच्या शेगडीची गाठ फुकटच्या चुलीशी आहे.

त्यात ‘निर्धूर चूल’ म्हटलं की जुन्या बायका हसतात. १९८३ च्या सरकारी कार्यक्रमात चुली बांधून मिळाल्या, अनुदानही चांगलं होतं. पण हिशेब बांधलेल्या चुलींचा व्हायचा, पेटणाऱ्या चुलींचा नाही. धुराडं चोंदलं की विचारायला कोणी नाही. २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम आवरता घेतला.

शेगडी अडीच हजारांच्या आसपास पडते. निम्मे आपण भरले तर पैसा संपल्यावर पूर्ण किंमत कोण देईल? काहीच नाही भरलं तर पहिली बाई घेईल कशी? कुणी हे प्रत्यक्ष केलंय का?

चुलवेडा:
ताई, फुकट अजिबात नको. शेजारच्या वाडीत फुकट वाटलेली शेगडी ही गावात तुमच्या शेगड्या विकणाऱ्या बाईच्या धंद्यावर धोंडा. पुढची दोन वर्षं सगळे ‘परत वाटप कधी?’ एवढंच विचारतील.

चीनने १९८० च्या दशकात कोट्यवधी चुली बसवल्या, त्यात बराचसा खर्च घरांनी स्वतः केला. सरकारी पैसा मुख्यतः संशोधन, प्रशिक्षण आणि चुली बनवणारे उभे करण्यात गेला. तुम्हीही तसंच करा. किंमत पूर्ण लावा, पण हप्ते बचत गटातून, आणि अनुदानाची रक्कम त्या हप्त्यांसाठी फिरता निधी म्हणून ठेवा. उरलेलं प्रात्यक्षिकं, एक वर्षाची हमी आणि जाळीसारखे सुटे भाग यांवर. जाळी सगळ्यात आधी जळते, आणि ती तालुक्याला मिळत नसेल तर शेगडी माळ्यावर गेलीच म्हणून समजा.

विक्रेतीचं कमिशनही दोन टप्प्यांत द्या: अर्धं विकताना, अर्धं सहा महिन्यांनी घरी जाऊन चूल वापरात दिसली तर.

पानशेतची_लेक:
हे सगळं ठीक, पण शेगडीवर भाकरी होते का ते आधी बघा! तव्यावरून काढून आरावर (निखाऱ्यांवर) शेकली नाही तर आमच्याकडे ती भाकरी धरतच नाहीत. बऱ्याच शेगड्यांत आर ओढायला जागाच नसते. शिवाय तोंड एवढंसं, म्हणजे ढलप्या बारीक करत बसायचं, ते कोण करणार? नवरे तर नाहीच. पहिला पैसा गावातल्या चार-पाच जणींना महिनाभर वापरून बघायला देण्यात घाला. त्या नको म्हणाल्या तर मॉडेल बदला.

धागाकर्ती:
आर ओढायचा मुद्दा आमच्या यादीत नव्हताच, धन्यवाद! @चुलवेडा, कंपनीला आकडा हवाय, त्याचं काय करू?

चुलवेडा:
आकडा द्याच, पण दुसरा. ‘इतक्या वाटल्या’च्या जागी ‘इतक्या विकल्या, सहा महिन्यांनी त्यांतल्या इतक्या पेटत्या’. मार्चमध्ये फक्त पहिला रकाना भरेल, दुसऱ्यासाठी सप्टेंबरची तारीख आत्ताच करारात घालून घ्या. आणि शेगडी आयएस १३१५२ या सरपणाच्या चुलींसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेली घ्या. त्यात पंखा नसलेल्या शेगडीला किमान २५ टक्के औष्णिक कार्यक्षमता (सरपणाच्या उष्णतेतला भांड्याला लागणारा वाटा) लागते, पंखेवालीला ३५. पंखेवाली घेणार असाल तर वाडीत पावसाळ्यात वीज किती तास असते ते आधी विचारा, चार्जिंगचं घोडं तिथेच अडतं.