मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जायचंय, एकदा व्हिसा नाकारलाय. आता काय करू?

खारेगावची_आई
नमस्कार मंडळी. मी ६४ वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका. कळव्याला खारेगावात राहते. ह्यांची पिठाची गिरणी आहे. एकुलती एक मुलगी आणि जावई स्टुटगार्टला असतात. डॉक्टरांनी तिला ८ डिसेंबर ही तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण पोटुशीने एवढा विमानप्रवास करायला नको म्हणून मीच जायचं ठरवलं. तिथेच गाडं अडलंय.

जून महिन्यात ठाणे स्टेशनजवळच्या एका एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, "बाळंतपणाचं नावही काढू नका. मुलीकडे गेलेली आई परत येत नाही असं त्यांना वाटतं. फिरायला चाललोय असं दाखवू." जर्मनीची तारीख मिळत नाही म्हणून त्याने दुसऱ्याच एका देशाकडे अर्ज लावला. दहा दिवसांची सहल, हॉटेलांची बुकिंग, सगळं त्यानेच तयार केलं. खात्यात रक्कम दिसली पाहिजे म्हणाला, म्हणून माझ्या भावाने ४ लाख रुपये टाकले. मी सही केली. ३६ वर्षं वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि त्या कागदांवर सही केली, हे मला फार लागून राहिलंय.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा कागद. त्यात तीन खुणा: प्रवासाचा हेतू पटला नाही, दिलेली माहिती भरवशाची नाही आणि मुदत संपायच्या आत परत जाल याबद्दल शंका आहे. एजंट आता म्हणतो, या वेळी ८ लाख दाखवू आणि तिसऱ्या देशाकडे अर्ज करू. मला ते करायचं नाही.

माझी पेन्शन ३१ हजार. गिरणीचं उत्पन्न बरंचसं रोखीतलं. खात्यात माझे स्वतःचे म्हणाल तर दीड लाख आणि एक एफडी. शिवाय पेन्शनच्या कागदांवर माझं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. लग्न १९८४ चं, नोंदणी केलेली नाही. पहिला नकार जर्मनीच्या लोकांना कळतो का? एवढ्या पेन्शनवर व्हिसा मिळतो का? आणि मला चार महिने तरी तिथे राहायचंय, ते जमेल का? मुलगी रोज फोनवर "आई, तू येशील ना" विचारते आणि मला तिला उत्तर देता येत नाही.

घणसोली_ते_उल्म
काकू, आधी दोन घोट पाणी प्या. माझी आई घणसोलीहून माझ्या बाळंतपणाला इकडे उल्मला आली होती, बाळंतपणाचं कारण अर्जात स्पष्ट लिहून. ते लपवायचं कारणच नाही.

चार महिने मात्र जमणार नाहीत. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. तुम्ही २४ नोव्हेंबरला उतरलात तर २१ फेब्रुवारी हा नव्वदावा दिवस, त्या दिवशी बाहेर पडायलाच हवं. बाळ तारखेच्या आधी किंवा नंतर आठवडाभर सरकलं तरी तुम्ही जवळ असाल आणि पुढे दोन महिन्यांहून जास्त मिळतील. फार लवकर येऊन दिवस घालवू नका. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन आई आणि बाळाला बघून जाते, तिला हेबामे म्हणतात आणि तिचा खर्च मुलीच्या आरोग्य विम्यातून होतो. त्यामुळे तुम्ही निघाल्यावर ती अगदी वाऱ्यावर पडणार नाही.

आता सगळ्यात मोठा कागद. मुलीला किंवा जावयाला त्यांच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयातून 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' काढायला सांगा. नाव ऐकून घाबरू नका. "या पाहुणीचा राहण्याचा, आजारपणाचा, परत पाठवण्याचा खर्च माझ्यावर" असं सरकारपुढे दिलेलं ते हमीपत्र असतं. कार्यालय त्यांचे पगाराचे कागद तपासून ते देतं, फी २९ युरो. याची मूळ प्रत कुरियरने तुमच्याकडे यायला हवी, फोटो चालत नाही. व्हिसाचा अर्ज करताना ते सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून जावयांना आज रात्रीच फोन करा.

सोबत मुलीचं निमंत्रणपत्र, तिच्या पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची प्रत, पत्त्याच्या नोंदणीचा कागद आणि 'मुटरपास'च्या, म्हणजे तिच्या गरोदरपणाच्या नोंदवहीच्या, त्या पानाची प्रत, ज्यावर बाळंतपणाची तारीख लिहिलेली असते. माझ्या आईच्या अर्जाला मी तेच पान लावलं होतं.

नेरूळ_सेक्टर१९
ताई, मी बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर २२ वर्षं काढली आणि गेल्या चार वर्षांत दोनदा मुलाकडे म्युनिकला जाऊन आलो. त्या टेबलावरून तुमचं स्टेटमेंट कसं दिसलं असेल ते सांगतो, म्हणजे पुढे काय करायचं ते तुम्हालाच कळेल.

कागद वाचणारा माणूस शिल्लक शेवटी बघतो. आधी तो खात्याची चाल बघतो. दर महिन्याला पेन्शन येते, वीजबिल जातं, किराणा जातो, औषधं जातात, थोडं उरतं. हे एका माणसाचं आयुष्य आहे आणि ते वाचता येतं. त्यात मधेच एके दिवशी ४ लाख येऊन पडले की वाचणाऱ्याचं बोट तिथेच थांबतं. माझ्यासमोर अशी खाती रोज यायची. मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: हे कुणाचे? आणि अर्जदाराकडे उत्तर नसेल तर बाकीचे खरे कागदही मला खोटे वाटू लागायचे. तुमच्या नकारातली दुसरी खूण, माहितीवर भरवसा नसल्याची, बहुधा इथूनच आली. ८ लाख टाकले तर ती शंका दुप्पट होईल.

भावाचे पैसे अजून खात्यात असतील तर जसे आले तसे बँकेतूनच परत करा, रोख देऊ नका. सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह घ्या. त्यात ती जमा आणि ती परतफेड दोन्ही दिसतील, दिसू द्या. अर्जाच्या पत्रात एक वाक्य लिहा: ही रक्कम भावाची होती, चुकीच्या सल्ल्याने खात्यात ठेवली, अमुक तारखेला परत केली.

पहिला नकार जर्मनीला कळतो. व्हीआयएस नावाची सगळ्या शेंगेन देशांची सामाईक नोंद आहे, त्यात अर्ज आणि निर्णय पाच वर्षं राहतात. आता असे २९ देश आहेत, म्हणून देश बदलून नकार लपत नाही. शिवाय नियम असा की जिथे तुमचा मुख्य मुक्काम तिथेच अर्ज करायचा. एजंटाने पहिली चूक तिथे केली. स्टुटगार्टला जायचं असताना दुसऱ्या देशाची हॉटेलं दाखवली, तर हेतू पटणार तरी कसा?

दीड लाख कमी आहेत असं मनात आणू नका. हमीपत्र लागल्यावर खर्चाचा भार मुलगी-जावयावर येतो. तुम्हाला दाखवायचं आहे ते वेगळंच: तुम्ही परत का याल. आणि ते तर तुमच्याकडे भरपूर आहे. पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, एफडीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गिरणीचा गुमास्ता परवाना आणि वीजबिल. साहेब इथेच राहणार आहेत आणि गिरणी चालवणार आहेत, हे पत्रात ठळक लिहा. नवरा-बायको दोघंही निघाले असते तर प्रश्न वेगळा होता. गिरणीचं उत्पन्न रोखीचं आहे म्हणून कुठलाही आकडा बनवू नका. ती गिरणी आहे एवढंच दाखवा.

हे पत्र मुलीकडून लिहून घ्या, पण मजकूर तुमचा हवा. एका पानाच्या वर नको. मी कोण, मुलगी कोण, बाळंतपण कधी, मी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत राहणार, आधी काय झालं आणि ते का झालं, परत येऊन काय करणार. अर्जावर, विम्यावर, विमानाच्या बुकिंगवर आणि निमंत्रणपत्रात त्याच तारखा हव्यात. माझ्या पहिल्या अर्जात विमा एक दिवस आधी संपत होता, तेवढ्यासाठी मला व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसच्या केंद्रावरून परत यावं लागलं.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, तुम्हाला रक्तदाब किंवा साखर असेल तर ते कलम वाचूनच घ्या. व्हिसाची फी ९० युरो, वर केंद्राचा सेवाआकार. नकार आला तरी फी परत मिळत नाही. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, व्हीएफएसच्या साइटवरून मुलगी तिथूनही घेऊ शकेल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात. म्हणून सप्टेंबरअखेर कागद आत गेले पाहिजेत. आणखी एक. पूर्वी जर्मनीने नकार दिला तर पुनर्विचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नकारानंतर नवा अर्ज करा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जा. त्यामुळे "राहिलेले कागद नंतर देऊ" असं म्हणून काहीही मागे ठेवू नका.

वर्तकनगर_मनीषा
नावाचं सांगते, कारण माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जुन्या लग्नाची नोंदणी आजही होते, १९९८ चा कायदा आहे. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. उशिराचा थोडा दंड भरावा लागतो. त्या दाखल्यावर माहेरचं आणि सासरचं नाव एकत्र येतं, मग पेन्शनचा कागद आणि पासपोर्ट एकाच बाईचे आहेत हे वेगळं पटवावं लागत नाही. शिवाय मुलीच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव कसं लिहिलंय तेही बघा, नातं त्याच्यावरूनच ठरतं.

खारेगावची_आई
तुम्हा तिघांचे उपकार कसे मानू. काल रात्री जावयांशी बोलले, त्यांनी त्या हमीपत्रासाठी वेळ मागितली आहे. भावालाही फोन केला. तो म्हणाला, "ताई, राहू दे ना पैसे, लागतील तुला." त्याला सगळं समजावून सांगितलं. आज सकाळी बँकेत जाऊन रक्कम त्याच्या खात्यात परत पाठवली आणि पावती फाइलला लावली. त्यानंतर दोन महिन्यांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

जन्मदाखल्यावर माझं सासरचं नाव बरोबर आहे. पण मनीषा, आमचं लग्न लावणारे गुरुजी वारले. लग्न वाईला झालं होतं. पत्रिकाही मिळत नाही, फोटो मात्र आहेत, त्यात माझे वडील आणि गुरुजी दोघं दिसतात.

वर्तकनगर_मनीषा
सासूबाईंचे भटजीही हयात नव्हते. तसं प्रतिज्ञापत्र करून दिलं, ते आमच्याकडे चाललं. पण एक बघा, लग्न झालं त्या ठिकाणची किंवा राहत्या पत्त्याची हद्द याबद्दल कार्यालयात आधी विचारून घ्या, म्हणजे साक्षीदारांना दोनदा बोलवावं लागणार नाही. फोटोची मूळ प्रत घेऊन जा, अल्बममधून काढताना फाटणार नाही असं बघा.

नेरूळ_सेक्टर१९
ताई, रक्कम परत केलीत ते उत्तम. पासपोर्ट एकदा माझ्यासाठी तपासा: दहा वर्षांपेक्षा जुना नको, दोन पानं कोरी हवीत आणि परत निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी. म्हणजे तुमच्या बाबतीत मेअखेरपर्यंत तरी. कमी असेल तर आधी तो नवा करा, वागळे इस्टेटचं केंद्र तुम्हाला जवळ पडेल.

खारेगावची_आई
पासपोर्ट २०३१ पर्यंत आहे, पानंही कोरी आहेत. आज प्रभाग कार्यालयात जाऊन आले. राहत्या पत्त्यावर नोंदणी होईल म्हणाले. मंगळवारी बोलावलंय. साक्षीदार म्हणून माझी नणंद, तिचे यजमान आणि शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी बाई येणार आहेत.

एक राहिलं. डिंकाचे लाडू, अळीव, शेवया आणि घरचं कढवलेलं तूप घेऊन जाऊ ना?

घणसोली_ते_उल्म
अळीव, डिंक, खारीक, शेवया, सुंठ, ओवा खुशाल आणा. तूप, खवा, पेढे नको. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात सोबत आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. इथलं लोणी छान असतं काकू, मुलीच्या स्वयंपाकघरात कढवा. लाडूही तिथेच वळा, घरभर वास सुटेल तो तिला हवाच असेल. आणि कागद आत गेले की इथे लिहा, मी वाट बघतेय.