कूत विसरून कसं चालेल?

पहिल्या महायुद्धावरच्या या चर्चेत 'ऑटोमन (तुर्की) साम्राज्य म्हणजे युरोपचा आजारी माणूस, जर्मनीच्या मागे फरफटत गेला' असं कोणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटतं. रशियाच्या सीमेवर सारीकामिशला ऑटोमन युद्धमंत्री एन्व्हर पाशाने ऐन हिवाळ्यात बर्फात सैन्य घातलं तो शुद्ध वेडेपणाच होता, पण त्याच 'आजारी' माणसाने गॅलिपोलीत ब्रिटिश-फ्रेंचांना परत पाठवलं आणि दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद करून रशियाचा धान्याचा व्यापार अडवला, ते काय कमी आहे का.

आणि आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तब्बल १४७ दिवस ऑटोमन सैन्याचा वेढा, शेवटी आत अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेच्या जनरल टाउनशेंडने जवळपास १३ हजार माणसांसकट शरणागती पत्करली. त्यात १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपलीच माणसं. रेशन संपत आलं तेव्हा घोडे कापले, पण बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला आधी साफ नकार दिला, मूठभर पिठावर दिवस काढले. नंतर शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येक वाटेतच गेले, उरलेल्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात! जिंकलेल्या ऑटोमन सेनापती हलील पाशाने पुढे आडनावच 'कूत' लावलं.