बाहेरून आलेले, रेशन, दवाखाना, शाळा: तुमच्या गावात काय बोललं जातं? (अनुभव धागा)

खाडीकाठ
परवा रेशनच्या रांगेत माझ्या पुढे बंदरावरचा एक खलाशी पोरगा होता, झारखंडचा. त्याने अंगठा लावला, पावती आली, पिशवीत तांदूळ पडले, तो निघाला. तो वळणापलीकडे जायच्या आत मागून आवाज, "आता ह्यांनाही आपलंच धान्य. आपल्याला काय उरणार?" बोलणाऱ्या बाईंना मी ओळखते, अडल्यानडल्याला धावून जाणाऱ्या आहेत. पण ते वाक्य ऐकून आजी आठवली. आजोबा दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले, गिरणीत लागले, गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. मागाहून आजी गेली. परळच्या चाळीत नळावर तिला ऐकवायचे, "बोटी भरभरून येतात कोकणातनं, आमचं पाणी पळवतात." म्हातारपणीसुद्धा हे सांगताना तिचा आवाज चढायचा.

धान्याचं आधीच सांगते, कारण खाली तोच मुद्दा निघणार. त्या पोराचं नाव त्याच्या गावच्या कार्डावर आहे. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे तो स्वतःच्या वाट्याचे ५ किलो इथे उचलतो आणि तेवढे त्याच्या घरच्यांना तिकडे कमी मिळतात. ही सोय सुरू झाली २०१९ मध्ये, त्या पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. म्हणजे आपली माणसं वापी-सुरतला गेली की तीही हेच करतात.

तुमच्याकडे काय बोलतात? तुम्ही स्वतः कुठे परके होतात? लिहा. वाद नको, अनुभव हवेत.

हापूसवाडी
आमच्या बागेत गेली काही वर्षं एकच नेपाळी जोडपं येतं. दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, करून निघतात, पहिला पाऊस लागला की परत. राखण, फवारणी, वानरं हाकलणं, झेल्याने आंबे उतरवणं, पेट्या भरणं, सगळं तेच. ते आले नाहीत तर आमची बाग अर्धी वानरांची.

गावात ठाम समजूत की नेपाळ्यांना सगळं फुकट मिळतं. अहो, त्यांना रेशन कार्डच नाही! १९५० च्या करारामुळे त्यांना इथे राहता येतं, काम करता येतं. पण नागरिक नाहीत, त्यामुळे रेशन नाही. तांदूळ वाण्याकडून बाजारभावाने घेतात. आमच्याकडून मिळतं ते राहायला मांगर (बागेतली खोपटी), लाकूडफाटा, पाणी.

मागच्या हंगामात ती गरोदर होती. अंगणवाडीताईंनी स्वतः येऊन नाव लिहून घेतलं, आहाराची पाकिटं दिली. ते कळल्यावर वाडीत कुजबुज. एक काकू मला म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या वाटचं हिला." मी अंगणवाडीत जाऊन विचारलं. ताईंनी वही उघडून दाखवली: सुनेचं नाव वेगळं, हिचं वेगळं, दोघींच्या पुढे सह्या. काकूंच्या सुनेचं एकही पाकीट चुकलेलं नव्हतं. तो फोटो काकूंना पाठवला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण बाळंतपणानंतर मेथीचे लाडू त्यांनीच करून पाठवले हेही सांगायला हवं.

तांडेल
आमच्या बोटीर खलाशी म्हटल्यार नेपाळ, झारखंड, ओडिशा, थोडे कर्नाटकचे. गावचो एक. गावचे झील मुंबयक नायतर गोव्याक गेले, थयसर ते परके. मगे ह्येंका नावां कित्याक ठेवूची?
पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा ते घराक जातत. ऑगस्टात परत येवक नाय तर बोट धक्क्यारच. रेशन खातत म्हणान जे बोंब मारतत त्येनी एक रात्र जाळा ओढून बघूची.

आंबोशी
तांडेल काका, सुरमई स्वस्त कधी होणार तेवढं सांगा 🙏

तांडेल
बाय माझे, ता दर्याक विचार

गुहागरी
सगळे छान लिहिताय, पण दुसरी बाजूही येऊ द्या. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर एक. हायवेच्या कामावरचे मजूर, चिरेखाणीवरचे, बोटीवरचे, सगळे तिथेच येतात. माझी आई सकाळी आठला जाऊन बसते आणि बीपीची गोळी 'संपली' ऐकून परत येते. तेव्हा मला राग येतो आणि तो खोटा नाही. ज्यांचे आईवडील गावात एकटे आहेत त्यांना हे कळेल.

मीठागर
गुहागरी, तुमचा राग समजतो. मी आरोग्य खात्यात होतो, आता निवृत्त. आरोग्य केंद्र मंजूर होतं ते साधारण ३० हजार वस्तीमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे. वस्ती मोजायची जनगणनेवरून, आणि आपण अजून २०११ चेच आकडे धरून चाललोय. हंगामी माणूस त्यात कुठेच नाही. तो येणार हे खात्याला माहीत असतं, गावाला माहीत असतं, पण औषधांची मागणी जाते ती जुन्या आकड्यावर. गोळी संपते ती इथे. नोव्हेंबर ते मे वाढीव साठा मागा. तालुक्याच्या आमसभेत लेखी द्या आणि पोच घ्या. मजूर दवाखान्यात यायचा थांबला तर साथ वाडीत पसरेल. मलेरियाचे दिवस मी पाहिलेत. बांधकामावरच्या माणसाच्या रक्ताचा नमुना वेळेत मिळाला नाही की काय होतं ते लिहीत बसलो तर रात्र होईल.

गुहागरी
हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमसभेला जाते.

रेशनदुकान
खाडीकाठ ताईंनी बरोबर लिहिलंय, फक्त दुकानदाराची बाजू जोडतो. दुकानाला नियतन, म्हणजे महिन्याचा धान्याचा कोटा, येतं ते जोडलेल्या कार्डांवर. बाहेरची कार्डं अचानक वाढली की त्या महिन्यात पोती कमी पडतात, पुढच्या नियतनात जुळवून मिळतं. मधले पंधरा दिवस शिव्या आम्ही खातो. त्यामुळे काही दुकानदार परराज्यातल्या माणसाला "मशीन चालत नाही" सांगून परत पाठवतात. हे चुकीचं आहे, नकार देता येत नाही. बंदरावरच्या दुकानांना हंगामात आगाऊ वाढीव नियतन दिलं तर रांगेतली निम्मी भांडणं मिटतील.

चिपळूणची लेक
इंग्लंडमधून लिहितेय, ड्युटी संपवून बसमध्ये बसलेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.
मी इथे नर्स आहे. आमच्या व्हिसावर स्पष्ट अट असते की सरकारी भत्त्यांवर हक्क नाही. पगारातून टॅक्स जातो, नॅशनल इन्शुरन्स जातो. बहुतेक इतर व्हिसांवर वर्षाला १०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, आम्हा हेल्थ अँड केअरवाल्यांना तेवढा माफ. आणि तरी एका आजोबांच्या पायाची पट्टी बदलत होते तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही लोक भत्ते खायला येता." मी गुडघ्यावर बसलेली, त्यांची टाच माझ्या हातात. शिवी दिली असती तर कमी लागलं असतं. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. कोणीतरी सांगितलेलं, त्यांनी मानलेलं.
घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "सोड गं." आणि त्याच फोनवर पुढे: "आपल्याकडे बघ, भय्ये किती वाढलेत, सगळं फुकट लाटतात." मी म्हटलं, बाबा, आत्ता काय बोललात ते पुन्हा बोला. बराच वेळ लाइनवर काहीच नाही. मग त्यांनी विषय बदलला, पण त्यानंतर तसं बोलले नाहीत.

हापूसवाडी
ताई 🫂

आंबोशी
लीड्सकडे असाल तर कोकमाचं आगळ मिळतं का तिकडे? भाची जातेय सप्टेंबरात.

चिपळूणची लेक
आमसुलं मिळतात, आगळ नाही. घरचंच न्यायला सांगा. बाटली दोन पिशव्यांत घट्ट बांधा, फुटली तर कपड्यांचे डाग जन्मात जात नाहीत.

काजूबी
कुवेतचं सांगते. मिस्टर तिकडे ड्रायव्हर. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यात परदेशी लोकांची फी वाढवली. तेव्हापासून ते दुखणं अंगावर काढतात. तीस-चाळीस वर्षं आमच्या मोहल्ल्यातले पुरुष तिथे राबले, म्हातारपणी तिथून काहीच नाही, इथे येऊन सगळं पहिल्यापासून. म्हणून आमच्या मोहल्ल्यात बिहारी मिस्त्रीला कोणी टाकून बोलत नाही. जेवण झालं का, हे आधी विचारतात.

झेडपी गुरुजी
शाळा पहिली ते चौथी. पट दरवर्षी उतरतोय, वाडीतली तरणी मंडळी मुंबई-पुण्याला. आज पटावर बागेतल्या नेपाळ्यांची आणि चिरेखाणीवरच्या विजापूरकडच्या लमाण कुटुंबांची मुलं जास्त. पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या शाळेची खिचडी ह्यांच्या पोरांना कशाला?" मी हजेरीपत्रक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ही नावं सोडून बाकीची मोजा. त्यांनी मोजली. मग सांगितलं की एवढ्या पटावर शाळेचं समायोजन होतं, म्हणजे ती दुसरीत मिसळतात, आणि तुमचा नातू पऱ्या (ओढा) ओलांडून पलीकडच्या वाडीतल्या शाळेत जाणार, पावसाळ्यात.

कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा. हंगाम संपून ती निघाली की आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, पुढच्या शाळेने दाखल करून घ्यावं म्हणून. काही मुलं मार्चमध्येच गाडीत बसतात, परीक्षा बुडते. त्याचं फार वाईट वाटतं.
चौथीत एक मुलगी आहे. घरी लमाणी, बाजारात कानडी, शाळेत मराठी. तेराचा पाढा न अडखळता म्हणते आणि तिच्या आईला बँकेच्या स्लिपा तीच भरून देते. अशी मुलगी गावाला जड कशी होईल?

लालबागकर
मे २०२०. आम्ही मुंबईहून पास काढून आलो तर वेशीवर बांबू आडवा, आणि बांबू धरून उभी आमचीच भावकी. शाळेत क्वारंटाइन केलं. बाहेरून बोलणं ऐकू यायचं, "मुंबईकर रोग घेऊन आले, वर सरकारचं धान्यही हवं." कार्ड नसलेल्यांना तेव्हा मे-जूनसाठी माणशी ५ किलो धान्य आणि घराला किलोभर चणे होते. माझं कार्ड मुंबईचं होतं म्हणून मी मागितलंही नाही. गणपतीला जे लोक स्टँडवर आणायला येतात, तेच. ज्या घराला मी दरवर्षी रंग काढतो त्या घराच्या अंगणात पाय ठेवायचा नाही म्हणाले. अजून बोलत नाही त्यांच्यातल्या दोघांशी.

खाडीकाठ
लालबागकर दादा, हे वाचून गलबलून आलं. आमच्या गावातही झालं हे, कोणी उघड बोलत नाही.

सुपारीबाग
लालबागकर, तेव्हा गावात म्हातारीकोतारी होती, दवाखाना पंचवीस किलोमीटरवर. भीती होती हो लोकांना. दुष्टपणा नव्हता सगळा.

लालबागकर
भीती कळते. चण्यांवरून बोलले ते कळत नाही.

रोह्याची
आमच्याकडे उलटंच. 'बाहेरचे' म्हणून ज्यांना हिणवतात ते कातकरी, जे इथे सगळ्यांच्या आधीपासूनचे. दिवाळी झाली की घरदार बंद करून वीटभट्टीवर, कोळसा पाडायला, थेट कर्नाटकापर्यंत. परत येतात तो पाऊस तोंडावर. मधल्या काळात कोणी चौकशीला आलं तर घर बंद, माणूस गावात नाही, नाव कमी. २०२०-२१ च्या आदिवासींसाठीच्या खावटी मदतीत दोन हजार रोख आणि दोन हजारांचा शिधा होता, तेव्हा एकाने माझ्यासमोर म्हटलं, "ह्यांना फुकट देऊन आळशी केलंय." ज्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला ती पहाटेपासून डोक्यावर मोळी घेऊन चार वाड्या फिरली होती, आणि मोळीचे पैसे त्याच्याकडूनच यायचे होते. मी तिथेच ते मागितले. दिले त्याने.

आंबोशी
👏👏

वेंगुर्लेकरीण
माझी वहिनी बेळगावपलीकडची, कानडी. भावाला इकडे मुलगी मिळत नव्हती, तुम्हाला माहीतच आहे कोकणात काय चाललंय. लाडक्या बहिणीचे १५०० तिला सुरू झाले तर शेजारी म्हणे, "बाहेरची येऊन आपले पैसे घेते." सून झाली, घरातलं सगळं करते, सासूचं पथ्यपाणी बघते, तरी बाहेरचीच. नियमातच आहे की परराज्यात जन्मलेलीने महाराष्ट्रातल्या माणसाशी लग्न केलं असेल तर नवऱ्याचे कागद चालतात. कोणाची अडली असेल तर हे सांगा.

हापूसवाडी
वहिनींना मालवणी येते का आता?

वेंगुर्लेकरीण
माझ्यापेक्षा चांगली! भांडते पण मालवणीत 😄

चिरा
मी गवंडी. बांधकाम कामगार मंडळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तो पैसा येतो बांधकामावरच्या १ टक्का उपकरातून, १९९६ च्या कायद्याने. कामगार कुठल्या राज्याचा हे त्यात बघत नाहीत. वय १८ ते ६०, आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. भांड्यांचा संच वाटायला लागले तेव्हा आमच्या वाडीतल्या, आयुष्यात घमेलं न उचललेल्या लोकांनी नोंदणी केली. माझ्या हाताखाली चिरे वाहणारी विजापूरची बाई मात्र बाहेर राहिली, कारण ठेकेदार सही करत नाही. आणि चव्हाट्यावर चर्चा काय, तर बाहेरचे लोक योजना लुटतात. मला हे फार लागलंय. संताप येतो.

रोह्याची
ठेकेदार नसेल देत तर ग्रामसेवकाच्या सहीनेही दाखला होतो. त्यांना तो अधिकार दिलेला आहे.

चिरा
आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब टाळतात. "मी तिला काम करताना पाहिलं नाही" म्हणतात.

मीठागर
मग साइटवर बोलवा त्यांना. ज्यांच्या घराचं काम केलं त्या दोन-तीन मालकांकडून लिहून घ्या, तारखांसकट. आधार, फोटो, पासबुक सोबत. एकटीला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा.

गुहागरी
चिरा दादा, आमच्या घराचं प्लास्टर तुमच्याच टोळीने केलंय बहुतेक, पुलाजवळचं. तसं असेल तर आई लिहून देईल. व्यक्तिगत निरोप करते.

चिरा
हो, तुमचंच. सोमवारी येतो.