इंग्रजी शब्द वाचताना कळतो, लिहिताना सुचत नाही. व्याख्या पाठ करावी की वाक्य?

प्रश्न
कामासाठी मला इंग्रजीत मेल आणि अहवाल लिहावे लागतात. वहीत एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, असं बरंच लिहून झालंय. वाचताना शब्द ओळखते, पण लिहायला बसले की तेच ठरलेले चार शब्द. इंग्रजी-इंग्रजी कोश उघडला तर व्याख्येतच आणखी दोन अवघड शब्द निघतात आणि मूळ शब्द बाजूला राहतो. व्याख्या पाठ करू का? आणि उदाहरणाची वाक्यं उतरवून घ्यायची की स्वतःची करायची?

प्रतिसाद १
ताई, मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी कोश बदला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेल्या कोशात सोप्या शब्दाची व्याख्याही अवघड असते. शिकणाऱ्यांचे कोश वेगळे, त्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. लाँगमन या प्रकाशकाने १९७८ च्या कोशात व्याख्यांसाठी सुमारे २००० नेहमीचेच शब्द वापरले. १९८७ मध्ये आलेल्या कोबिल्ड या कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिल्या: ‘तुम्ही अमुक करायला रिलक्टंट (नाखूष) असाल, तर...’ अशा थाटात. अर्थ वाचता वाचताच शब्द वाक्यात कसा बसतो ते कळतं. मला ही पद्धत फार आवडते.

व्याख्या पाठ करू नका. ती शब्दाची हद्द दाखवते. शब्दाची संगत दाखवतं ते वाक्य. मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून हात आपोआप ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. कोशातली वाक्यं बघा: ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’. मध्ये ‘अबाउट’ नाहीच. ‘सजेस्ट मी’चंही तेच, तिथे ‘सजेस्ट समथिंग टू मी’ लागतं.

‘कॉज’ तर याहून फसवा. अर्थ ‘कारण होणे’ एवढाच लिहून ठेवलात तर पुढचं कळणारच नाही. उदाहरणांत त्याच्यासोबत डॅमेज, पेन, डिले, प्रॉब्लेम्स, बहुतेक वाईटच गोष्टी येतात. विक्री वाढली हे सांगताना ‘कॉज’ वापरलात तर व्याकरण बरोबर असूनही वाचणारा अडखळेल. तिथे ‘लेड टू’ बरं.

म्हणून वहीत मराठी अर्थ राहू द्या, पण एकटा शब्द नको, तुकडा उतरवा: ‘रिलक्टंट टू साइन’. आधी कोशातलं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी त्यातला शब्द झाकायचा, व्याख्या वाचायची आणि शब्द आठवून लिहायचा. आठवायला लागणारे ते दोन क्षण फार मोलाचे आहेत, लगेच उत्तर पाहू नका. मग त्याच साच्यात तुमच्या कामाचं वाक्य.

प्रतिसाद २
बाकी पटलं, पण स्वतःचं वाक्य मी पहिल्याच दिवशी करते. खऱ्या प्रसंगाचं असलं की शब्द पक्का बसतो. उजळणी मात्र अंतर वाढवत करावी: उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी.

प्रतिसाद १
अंतराचं अगदी खरं. पहिल्या दिवशीच्या वाक्याला माझी हरकत एवढीच की तपासणारं कुणी नसेल तर ते मराठी वळणाचं होतं आणि तसंच पाठ होतं. तुकडा कोशातला ठेवून प्रसंग तुमचा घेतलात तर धोका कमी.

प्रश्नकर्ती
आजच करून पाहिलं: ‘द क्लायंट वॉज रिलक्टंट टू डिस्कस द डिले.’ बरोबर आहे का? आणि शब्द कुठून निवडू? आतापर्यंत कोशाचं पान उघडून मिळेल तो घेत होते.

प्रतिसाद १
वाक्य चोख आहे. पान उघडून शब्द घेणं मात्र थांबवा. ऑक्सफर्डच्या शिकणाऱ्यांच्या कोशात सर्वांत उपयोगी ३००० शब्दांवर खूण असते. त्यातले ओळखीचे पण कधीच न वापरलेले आधी घ्या, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. अहवालांसाठी अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासपूर्ण लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, बघा. २००० साली प्रसिद्ध झालेली ही यादी ५७० शब्दकुळांची (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) आहे: इंडिकेट, सिग्निफिकंट, असेस असे शब्द. आणि तुमच्याच जुन्या मेलमध्ये जिथे शब्द अडला होता, ती जागा यादीच्याही आधी.